वेल्डिंगच्या काचेचा नंबर कामाप्रमाणे कसा ठरवायचा? (रॉड, टिग, मिग)

लोखंडकाम_कराड

नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, गोठ्याचे ट्रस, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामं असतात. इतकी वर्षं सगळं रॉडवर चालायचं. आता स्टेनलेसच्या रेलिंगला मागणी आली म्हणून टिग मशीन (आर्गॉन गॅसच्या आडोशाने टंगस्टनच्या टोकावर आर्क पाडणारं) घेतलंय, आणि दिवाळीनंतर मिग (रॉडऐवजी रिळातून सलग तार येणारं) घ्यायचा विचार आहे.

वाद काचेवरून आहे. आमचे मिस्त्रीमामा पन्नाशीच्या पुढचे. ते सगळ्या कामाला ११ नंबरची काळी काच लावत आलेत, पण हल्ली म्हणतात, जोड दिसत नाही, ९ नंबर आणून दे. आयटीआय करून आलेला पोरगा म्हणतो, १० च्या खाली जायचंच नाही. टिगवर रेलिंगचा पाइप ४०-४५ अँपिअरला लावला की ११ मधून नुसता हिरवा ठिपका दिसतो, कड कुठे आहे ते कळतच नाही. आणि हेल्परचे डोळे अधूनमधून लाल होऊन सुजतात, तो तर काचेतून बघतही नाही. हार्डवेअरवाल्याला विचारलं तर म्हणाला, कोणतीही न्या, सगळ्या सारख्याच.

नंबर नेमका कशावरून ठरतो? दुकानात भिंतीवर लिहून लावता येईल असा हिशेब कोणी सांगेल का?

तुंगभद्रा_७७

सरळ १२ किंवा १३ लावा सगळ्यांना. जितकी काळी काच तितके डोळे सुरक्षित. न दिसण्याची सवय होते हळूहळू.

निवृत्त_निदेशक

तुंगभद्रा, तुमची काळजी रास्त आहे, पण हा सल्ला कृपया कोणी पाळू नये. वेल्डर ट्रेडला शिल्प निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. ज्याला जोड दिसत नाही तो वेल्डर काय करतो ते रोज बघितलंय. तो मान पुढे घालतो, तोंड धुराच्या लोटात नेतो, आणि शेवटी टाका मारताना स्क्रीन, म्हणजे काच बसवलेली तोंडापुढची ढाल, बाजूला करून डोळे बारीक करतो. एवढी काळी काच आणून आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो प्रखर विजेचा झोत, उघड्या डोळ्यांवरच घेतला.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. आर्कमधून डोळ्यांना दिसणारा झगझगाट येतो, तसेच न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही येतात. काचेचा नंबर मोजला जातो तो दिसणाऱ्या प्रकाशावरून. न दिसणारे किरण किती जाऊ द्यायचे याची मर्यादा प्रत्येक नंबरसाठी मानकात वेगळी घालून दिलेली असते. म्हणजे मानकाप्रमाणे बनवलेली ९ नंबरची काच अतिनील किरण नीट अडवते, आणि बनावट १२ नंबर नुसती काळी असून ते सोडू शकते. काळी दिसते म्हणून सुरक्षित, असं नसतं.

आता नंबराचं गणित. ८ नंबरची काच प्रकाशाचा हजारावा भाग आत सोडते. तिथून एक नंबर वर गेलं की आधीच्या साधारण ३७ टक्केच प्रकाश उरतो. १० नंबरमधून सुमारे ७,२०० वा भाग येतो, ११ मधून सुमारे १९,३०० वा, १२ मधून सुमारे ५२,००० वा. मिस्त्रीमामांना ११ आणि ९ मध्ये एवढा फरक का वाटतो ते यातून कळेल. दोन नंबर खाली आलं की सातपट उजेड होतो. शिवाय एका नंबराला थोडी वर-खाली मुभा असते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या १० नंबर काचा डोळ्याला वेगळ्या लागू शकतात.

नंबर ठरतो तो प्रक्रियेवरून आणि करंटवरून. अमेरिकेतल्या ओशाचा, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेचा, तक्ता जगभर वापरतात, त्यात 'याच्या खाली जाऊ नका' असा एक आकडा असतो आणि आरामासाठी सुचवलेला दुसरा. रॉडचं असं आहे: ६० अँपिअरच्या आत किमान ७. ६० ते १६० अँपिअरला किमान ८, सुचवलेला १०. १६० ते २५० ला किमान १०, सुचवलेला १२. त्याच्या वर ५५० पर्यंत किमान ११, सुचवलेला १४. युरोपातल्या तक्त्यांत एखाददुसऱ्या नंबराचा फरक सापडतो, घाबरू नका.

इथे एक फसगत होते, ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडे रॉडलाही नंबर आहे. १२ नंबर रॉड म्हणजे २.५ मिमी, १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. रॉडचा नंबर कमी होतो तसा रॉड जाड होतो आणि करंट वाढतो. काचेचं नेमकं उलटं आहे, नंबर वाढला की काच काळी. मी असे कारागीर बघितलेत जे ८ नंबर रॉड लावताना दुकानात ८ नंबर काच मागतात. ४ मिमीचा रॉड १४० ते १८० अँपिअर खातो, त्याला ११ किंवा १२ लावा. तुमच्या गेट-ग्रिलच्या १२ नंबर रॉडला ७०-९० अँपिअरवर ९ किंवा १० पुरते, आणि ३.१५ च्या रॉडला १०.

टिगबद्दल संध्याकाळी लिहितो.

लोखंडकाम_कराड

सर, रॉडच्या नंबरची गोष्ट वाचून पोराला लगेच दाखवली. आमच्याकडे सगळे रॉडला नंबरानेच हाक मारतात.

ऊसपट्टा

साखर कारखान्यात मिल हाऊसला आहे. गाळप चालू असताना आम्ही फिरत्या रोलरवर आर्किंग करतो. रोलरच्या दातांवर कठीण धातूचे ठिपके चढवत जायचे, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि ऊस घसरत नाही. रोलर थांबत नाही, वेल्डर वाकून उभा असतो, वर रसाचे थेंब उडत असतात, करंट चढा. आमच्याकडे ११ आणि १२ दोन्ही चालतात, पण काळ्या काचेपेक्षा जास्त हाल तिच्या पुढे बचावासाठी लावलेल्या साध्या पांढऱ्या काचेने होतात. रस आणि चिंगाऱ्या लागून ती इतकी माखते की वेल्डर म्हणतो, काळी काच बदला. बदलायची असते पांढरी.

म्हणून विचारतो, मिस्त्रीमामांच्या स्क्रीनची पांढरी काच शेवटची कधी बदलली?

लोखंडकाम_कराड

आत्ताच बघून आलो. पांढरी काच चिंगाऱ्यांच्या खड्ड्यांनी भरली आहे, बोट फिरवलं तर कागदासारखी खरखरीत लागते. उद्या सगळ्या स्क्रीनच्या बदलतो.

नेत्रवैद्य_मिरज

हेल्परचं वाचून लिहायला आले. मी नेत्रतज्ज्ञ आहे. आमच्या ओपीडीत आर्क लागलेले रुग्ण येतात, त्यात हेल्पर आणि शेजारी उभी असलेली माणसं भरपूर असतात.

अतिनील किरण बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेकदा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. वरचा थर पुन्हा भरून येतो आणि साधारण एक-दोन दिवसांत आराम पडतो. म्हणूनच लोक मनावर घेत नाहीत.

काय करू नये ते आधी सांगते. बटाट्याची चकती, दूध, गुलाबपाणी, तूप यातलं काहीही डोळ्यांत घालू नका. सोललेल्या जागी जंतुसंसर्ग झाला तर व्रण पडतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. दुसरी, याहून वाईट सवय म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालत राहणं. लगेच बरं वाटतं, पण त्या थेंबांनी जखम भरणं थांबतं. ते आम्ही फक्त तपासणीपुरते वापरतो. बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवा, अंधाऱ्या खोलीत पडून राहा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एकाच डोळ्याला दुखत असेल तर कण रुतलेला असण्याची शक्यता जास्त, तेव्हा तर नक्कीच जा.

आता लांबचं. आर्ककडे रोखून बघितलं तर निळसर प्रकाश थेट डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, इजा करतो, ती भरून येईलच असं नाही. भट्टीपाशी आणि तापलेल्या काचेपाशी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना अवरक्त किरणांनी मोतीबिंदू होतो, हे जुनं ज्ञान आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगमधले अतिनील किरण माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले आहेत. संबंध डोळ्यातल्या मेलानोमाशी, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाशी, आहे. आजार दुर्मीळ आहे, पण अधूनमधून डोळे सुजणं ही 'या धंद्यात असं होतंच' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

हेल्परला साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा गॉगल द्या, बाजूने झाकलेला. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतं. झगझगाट मात्र अडत नाही, त्यामुळे गॉगल घालून आर्ककडे बघायचं नाही, हे त्याला समजावून सांगा. वेल्डरनेही स्क्रीनच्या आत तोच घालावा. शेजारच्याचा आर्क आणि ग्राइंडरचे कण दोन्हींपासून बचाव होतो.

रानफूल_२१

डॉक्टर ताई, माझा भाऊ वेल्डर आहे आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावतो. लेन्स वितळून डोळ्याला चिकटते असा मेसेज फिरतोय, खरं आहे का?

नेत्रवैद्य_मिरज

नाही, ती अफवा आहे. तो मेसेज फार जुना आहे, फिरत फिरत परत येतो. धूळ आणि धुरामुळे लेन्सखाली कण जाऊन त्रास होऊ शकतो, म्हणून कामावर चष्मा बरा, एवढंच.

निवृत्त_निदेशक

डॉक्टरांनी हेल्परचं अचूक सांगितलं. त्यात एक भर. टाका मारताना हेल्पर पाइप धरून मान वळवतो, पण आर्क समोरच्या स्टेनलेसवरून आणि भिंतीवरून परत येतो. जागेला पडदा लावा, निदान जाड ताडपत्री. भिंतींना चकचकीत ऑइलपेंट देऊ नका. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेला मॅट रंग अतिनील किरण फारसे परतवत नाही. आणि वेल्डरने आर्क पाडण्याआधी मोठ्याने 'डोळे!' म्हणायचं. आमच्या वर्कशॉपात पहिल्या दिवशी हेच शिकवत असू.

आता टिग. आर्गॉनमधल्या आर्कला धूर नसतो, मध्ये काही आड येत नाही, त्यामुळे तेवढ्याच करंटला तो जास्त डोळ्यावर येतो. तक्त्यात ५० अँपिअरच्या आत किमान ८, सुचवलेला १०. ५० ते १५० ला किमान ८, सुचवलेला १२. १५० च्या वर ५०० पर्यंत किमान १०, सुचवलेला १४. तुमच्या ४०-४५ अँपिअरच्या रेलिंगला ११ लावून दिसत नाही यात कारागिराचा दोष नाही. ९ लावा, जमलं तर १०. ८ सुद्धा मर्यादेत बसतो. ॲल्युमिनियमचं काम आलं तर करंट चढतो आणि धातू चमकतो, तेव्हा ११ लागेल.

मिगला ६० ते १६० अँपिअरला किमान १०, सुचवलेला ११. १६० ते २५० ला किमान १०, सुचवलेला १२. रॉडवर ९ वापरणारा माणूस त्याच स्क्रीनने मिगवर बसला तर मर्यादेच्या खाली गेला, हे लक्षात ठेवा.

पद्धत अशी. आधी जास्तच काळी वाटेल अशी काच लावून सुरुवात करा. मग एकेक नंबर खाली या. वितळलेल्या डबक्याची कड, त्याच्या मागे गोठत जाणारी शिलाई आणि पुढे जायची जोडाची रेघ, या तिन्ही गोष्टी दिसल्या की थांबा. किमान आकड्याच्या खाली कितीही वाटलं तरी जाऊ नका. एक रॉड संपल्यावर स्क्रीन काढली आणि डोळ्यांपुढे डाग नाचत राहिले, तर एक नंबर काळी काच घ्या.

मुरगाव_बंदर

गोव्यात जहाजबांधणीत आहे, वास्कोला. आमचं बहुतेक काम फ्लक्स कोअर वायरवर (मिगसारखंच, पण तार पोकळ आणि आत फ्लक्स भरलेली), १.२ मिमी, २०० ते २४० अँपिअर, सीओटू गॅस. तक्त्यात १२ म्हटलंय, आमच्यातले बरेच जण ११ लावतात, कारण धूर दाट असतो. ११ मर्यादेत आहे, म्हणून सेफ्टीवाले हरकत घेत नाहीत.

मला सांगायचंय ते उजेडाबद्दल. डेकवर उघड्यावर काम करताना ऊन पाठीमागून स्क्रीनच्या आत शिरतं आणि काचेच्या आतल्या बाजूला स्वतःचाच चेहरा दिसतो. मग आर्क फिका वाटतो आणि माणूस कमी नंबर मागतो. मानेमागून हेल्मेटला कापड लावलं की तीच १२ नंबरची काच एकदम स्वच्छ दिसायला लागते. आत टाकीत काम असेल तेव्हा उलटं करतो, जोडावर एक जोरदार लाइट मारून ठेवतो. आर्क पडायच्या आधीच रेघ दिसते. कराडवाल्या दादांनी टिगच्या टेबलावर आधी लाइट लावून बघावा, काचेचे पैसे कदाचित वाचतील.

आणि गॅस कटिंगचा हिरवा गॉगल आर्कला कोणी लावत असेल तर आजच थांबवा. तो ४-५ नंबरचा असतो. कटिंगला ठीक, आर्कला नाही.

निवृत्त_निदेशक

मुरगाव, फार महत्त्वाचं बोललात. ५ नंबरमधून १० नंबरपेक्षा सुमारे १४० पट प्रकाश येतो. टाक्यापुरता घातला म्हणून भागत नाही.

दोन गॉगल-काचा एकावर एक लावणारेही असतात, म्हणून तो हिशेब देतो. नंबरांची बेरीज करून त्यातून एक वजा करायचा. ५ वर ६ ठेवली तर १० होते, ११ नाही. अडीअडचणीला हे माहीत असावं, रोजच्या कामाला मात्र एकच योग्य काच घ्या.

लोखंडकाम_कराड

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आता ऑटो हेल्मेटबद्दल, म्हणजे आर्क पडला की काच आपोआप काळी होते त्या हेल्मेटबद्दल, विचारतो. एकच घेतलं आणि नंबर फिरवता आला तर रॉड, टिग, मिग सगळं भागेल ना? मामांना भीती आहे की काच काळी व्हायला उशीर झाला तर डोळे जातील.

बॅच_२०१६

ऑटोच वापरतो, पुण्यात टिगवर आहे. मामांना सांगा, चांगल्या हेल्मेटची काच सेकंदाच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागात काळी होते, आणि अतिनील-अवरक्त अडवणारा थर तिच्यात कायम असतो, काच उजळ असतानाही. सेन्सरने दगा दिला तर झगझगाट बसेल, पण कॉर्निया भाजणार नाही. अट एकच, हेल्मेट मानकाचं हवं. बिनखुणेच्या स्वस्त हेल्मेटबद्दल हे मी म्हणणार नाही.

घेताना हे बघा. नंबर ९ ते १३ फिरणारा हवा. सेन्सर चार असावेत. दोन असले की पाइपाच्या मागे हात आला तरी झाकले जातात आणि काच मध्येच उजळते. टिगसाठी संवेदनशीलतेचं बटण हवंच, कारण २०-३० अँपिअरचा शांत आर्क साध्या सेन्सरला कळत नाही. काच परत उजळायला किती वेळ घ्यावा याचंही बटण असतं, जाड जोडाला तो वेळ वाढवून ठेवा, कारण आर्क विझल्यावरही धातू लालबुंद असतो. डब्यावर १/१/१/१ सारखे चार आकडे असतात, ते युरोपीय मानकाप्रमाणे काचेतून किती स्वच्छ दिसतं त्याचे आहेत. १ सगळ्यात चांगला. तिरकं बघितल्यावर काच कडेला फिकी पडते का, ते चौथ्या आकड्यावरून कळतं. रेलिंगच्या कामात मान वाकडी करूनच बघावं लागतं, म्हणून तो महत्त्वाचा.

एक धोका मात्र खरा आहे. ग्राइंडिंगचं बटण. ते लावलं की काच मुद्दाम उजळ राहते. ग्राइंड करून झालं, बटण परत फिरवायचं राहिलं आणि आर्क पाडला, की झगझगाट सरळ डोळ्यांवर. रोज सकाळी हेल्मेट उन्हाकडे धरून काच काळी होते का बघायचं आणि बटण तपासायचं, ही सवय पोराला लावा.

रानफूल_२१

बिनखुणेची काच ओळखायची कशी? भाऊ म्हणतो नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारून बघायचा.

निवृत्त_निदेशक

त्या टॉर्चने फक्त नापास करता येतं, पास नाही. काचेतून टॉर्च मारल्यावर नोटेवरचा धागा चमकला, तर ती काच फेकून द्या. चमकला नाही म्हणून ती चांगली ठरत नाही, कारण आर्कमधले जास्त घातक किरण त्या टॉर्चच्या किरणांहून आखूड लांबीचे असतात. काचेच्या कोपऱ्यात नंबर, बनवणाऱ्याची खूण आणि मानकाचा उल्लेख कोरलेला बघा. आपल्याकडे वेल्डिंगच्या डोळे-चेहरा संरक्षणासाठी आयएस ११७९ हे मानक आहे. आणि मालक मंडळींसाठी: २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या कलम ३५ मध्ये उडणारे कण आणि प्रखर प्रकाश या दोन्हींपासून डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. काच ही कामगाराने स्वतःच्या पैशाने आणायची वस्तू नाही.

लोखंडकाम_कराड

पांढऱ्या काचा बदलल्या, टिगच्या टेबलावर लाइट लावला. पोराला ४५ अँपिअरला १० मधून कड दिसायला लागली. हेल्परला गॉगल आणलाय. मिस्त्रीमामांचं मात्र तसंच. रॉडवर १० लावून दिली, म्हणतात उजेड आहे पण जोड पुसट दिसतो, दोन रेघा दिसतात.

नेत्रवैद्य_मिरज

मामा वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात का?

लोखंडकाम_कराड

हो. चष्मा आहे त्यांचा, पण कामावर आणत नाहीत.

नेत्रवैद्य_मिरज

मग ही चाळिशी आहे, काचेचा नंबर कमी करून ती जाणार नाही. ९ दिली तर थोडे दिवस बरं वाटेल, मग ८ मागतील. त्यांचे डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात आहे का तेही कळेल. तपासताना सांगा की जोड डोळ्यांपासून किती अंतरावर असतो. वाचनाचं अंतर आणि वेल्डिंगचं अंतर वेगळं असतं, चष्मा त्या अंतराचा हवा.

बॅच_२०१६

हेल्मेटमध्ये काळ्या काचेच्या आत बसवायची भिंगाची पट्टीही मिळते, १ पासून २.५ पर्यंतच्या नंबरात. आमच्या इथल्या दोन ज्येष्ठ वेल्डरनी ती लावली आहे. चष्म्यासारखी घामाने घसरत नाही. घ्यायच्या आधी हेल्मेटला आतून खाच आहे का ते बघा, सगळ्यांना नसते. आणि डॉक्टरांनी नंबर दिल्यावरच घ्या.

लोखंडकाम_कराड

शनिवारी मामांना घेऊन मिरजेला जातोय. जोडापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवलंय, बसून काम करताना पंचेचाळीस सेंटिमीटर आणि ट्रसवर उभं राहून साठ. ऑटो हेल्मेट मामांचा नंबर कळल्यावर घेतो, आतून खाच असलेलं.